वीतभर खाली

पाने-पकडी टांगायचे खिळे वीतभर खाली आले होते.

ड्रायव्हरने आधी डोळे चोळले. डोळ्यांपायीच त्याचा परवाना गेला होता, तेव्हा दोष त्यांचाच असेल असं त्याला वाटलं. पण नाही. जुन्या खिळ्यांची भोकं फळीवर होती तिथेच होती आणि त्यांच्याखाली नवे खिळे सरळ ओळीत ठोकलेले होते. हातोडीच्या दांड्याला जुन्या चादरीची पट्टी गच्च गुंडाळलेली. पाइप पान्याचे दात झिजून गुळगुळीत झालेले.

घरामागची ही लहानशी खोली त्याने हौसेने बांधली होती. ट्रकमधून जे जे जादाचं हत्यार निघालं, ते इथे आणून लावलं होतं. पण पुढे घरी यायचा तो झोपायलाच. पाठ टेकते न टेकते तोच पुढच्या फेरीचा निरोप यायचा. या खोलीत शेवटचं पाऊल कधी टाकलं, ते त्याला आठवेना.

आता घरी बसून आठवडा होत आला होता आणि दिवस सरता सरत नव्हता. चहा तो अजून उभ्यानेच प्यायचा. खुर्चीत बसला की डावा पाय आपोआप क्लच दाबायचा. मोरीकडे वळतानाही उजवीकडे मान वळवून मागचं बघायचा. बायको ते बघून न बघितल्यासारखं करायची. दोघांत बोलणं असं नव्हतंच. इतकी वर्षं फोनवर 'जेवलात का, पोचलात का, सगळं ठीक आहे' एवढ्यावर भागलं होतं. तेच आता समोरासमोर बोलायचं म्हटलं, तर चहा निवायच्या आत संपून जायचं.

आपल्या हत्यारांना परक्याचा हात लागलेला कुठल्याच ड्रायव्हरला खपत नाही. त्याने कोपऱ्यातला जॅक उचलून दाराच्या उजेडात धरला. जॅकच्या डोक्याला हिरवा रंग खरवडून लागला होता. त्याने चालवलेली एकही गाडी हिरवी नव्हती.

"अगं, इकडे ये जरा," त्याने हाक मारली.

ओले हात पुसत ती दारात आली.

"इथे कोण येतं?"

"कोण येणार?"

"मग खिळे खाली कुणी आणले?"

"मी," ती म्हणाली. "वरचे पाने काढायला दर वेळी स्टूल आणावं लागायचं."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्या खांद्यालाही पुरत नव्हती. नवे खिळे बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर होते.

"नळ गळला की कुणाच्या दारात जायचं सारखं सारखं?" ती म्हणाली. "एकदा गेले, दोनदा गेले. मग म्हटलं, घरात एवढं लोखंड पडलंय, त्याला जरा कामाला लावू. दांडा गुळगुळीत होता म्हणून पट्टी गुंडाळली. हात सटकायचा नाही मग."

"आणि हे?" त्याने जॅक पुढे केला. "हा रंग कसला?"

हात कोरडे झाले होते तरी ती पदराला पुसत राहिली.

"कपाटाचा," ती शेवटी म्हणाली.

आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट हिरवं होतं. त्याच्या आईचं.

"सासूबाईंनी दार ओढलं आणि कपाट पुढे आलं. पुढचे पाय गंजलेले होते त्याचे. त्या खाली पडल्या आणि मांडीपासून पाय कपाटाखाली. मला ते तसूभर हलवेना. पोरगी शाळेत. शेजारी सगळे कामाला गेलेले. मग हा आणला, याच्या बुडाखाली फळीचा तुकडा ठेवला आणि उचललं."

ड्रायव्हर तिथल्याच खोक्यावर बसला. आईचा तो पाय पुढे कधी सरळ झालाच नाही. जाईपर्यंत ती भिंत धरून चालायची.

"मोरीत घसरली म्हणाली होतीस तू."

"हो."

त्याला तो फोन आठवला. एका धाब्यावर, गाडीला टेकून, तो केवढा ओरडला होता. फरशी ओली ठेवतेस, म्हाताऱ्या माणसाकडे लक्ष नको का, दिवसभर असतं काय तुला काम? पलीकडून ती फक्त 'चुकलं' म्हणाली होती. आईनेही कधी अवाक्षर काढलं नाही. दोघींचं ठरलेलंच असणार.

"ऐकून घेतलंस सगळं?"

"तुमचा माल पोचवायचा राहिला होता. घाट उतरायचा होता. कपाटाचं सांगितलं असतं, तर हात स्टिअरिंगवर आणि जीव इथे, असं झालं असतं. ओरडलात तर ओरडलात. ओरडून माणूस मोकळा होतो."

तिने त्याच्या हातातला जॅक काढून घेतला आणि कोपऱ्यात जागेवर ठेवला. लांबून कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला. एरवी त्याची मान लगेच वळली असती.

"एकटीने उचललंस," तो म्हणाला. "निदान हाक तरी मारायचीस. कुणी ना कुणी आलंच असतं धावत."

"मारली की," ती म्हणाली. "तुम्हालाच मारली. दोन-तीनदा मारली. मग लक्षात आलं, तुम्ही नसताच."