काळ्या पट्ट्याचा धुरा

"हाण अजून! याइच्या घरापर्यंत आवाज गेला पाह्यजे," पदर खोचून शकुबाई म्हणाली.

प्रेरणाने हातोडीने काळ्या दगडाचा कपचा काढला. नागपुरात दगडांचंच शिक्षण घेणारी ही नात आजीने मुद्दाम बोलावून घेतली होती. समोर धाकटा दीर बाबाराव, तोंड फिरवून उभा. मधे तंटामुक्तीचा अध्यक्ष रूपसिंग, घाम पुसत. मागे गाव. दुसऱ्याच्या भांडणाला वेळ नाही, असा माणूस केळापूर तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

वाद टेकडीचा नव्हताच. टेकडीवर बोरीचं झुडूप धड उगवत नाही. वाद होता शकुबाईच्या मेलेल्या नवऱ्याच्या, सदाशिवरावाच्या नावाचा. सासऱ्याने मरताना तोंडी वाटणी केली होती: टेकडीवरच्या काळ्या पट्ट्याच्या अलीकडचं थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं. सदाशिवरावाने टेकडीच्या पूर्वेचा काळा पट्टा हाच धुरा, म्हणजे वावराची हद्द, धरला. बाबाराव म्हणे, काळा पट्टा पश्चिमेला आहे. मधला तुकडा दोघांनीही आपला म्हटला. मोजणीवाला आला की त्याला हाकलायला मात्र दोन्ही घरं एकत्र धावत.

मग एकदा भरल्या चौकात बाबारावाने सख्ख्या भावाला 'धुराकोऱ्या', म्हणजे धुरा कोरून दुसऱ्याची जमीन लाटणारा, म्हटलं. ज्याच्या घरी वावर आहे त्याला ठाऊक आहे, त्यापेक्षा चोर म्हटलेलं बरं. तो शब्द अंगावर घेऊनच सदाशिवराव गेला. शकुबाईला आज तो शब्द गावादेखत बाबारावाला गिळायला लावायचा होता.

"सांग पोरी," ती म्हणाली. "खरा पट्टा कोनता? मोठ्यानं सांग. काही लोकाइचे कान गेले हायेत."

"अक्कल गेल्यापेक्षा बरे," बाबाराव पुटपुटला.

प्रेरणा पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेली, तशीच परत आली. आजीकडे न बघता म्हणाली, "आजी, पट्टे दोन नाहीतच. एकच आहे."

"डोये फुटले का तुहे? हा इथं, तो तिथं!"

प्रेरणाने रूपसिंगच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि सपाट खडकावर अंथरला. "कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता. तळाशी गाळाचे थर बसले, त्यांचा दगड झाला. खाली राखाडी, त्यावर गुलाबी, त्यावर काळा."

"समुद्र!" बाबाराव हसला. "इथं उन्हाळ्यात टँकर येते."

"तुमी गप बसा," शकुबाई कडाडली. नातीला हसायचा हक्क तिचा एकटीचा होता.

प्रेरणाने दुपट्टा दोन्ही कडांनी धरून आत ढकलला. तो मधोमध फुगून वर आला. "जमिनीनं दोन्ही बाजूंनी असं रेटलं. दगडाला घडी पडली. मग वारा-पाण्यानं वरचा फुगवटा झिजून गेला. काळ्या थराची एक बाजू इकडे उरली, एक तिकडे. इकडूनही काळ्याच्या आत गुलाबी, तिकडूनही काळ्याच्या आत गुलाबी. वेगळे पट्टे असते, तर असा आरसा पडला नसता."

रूपसिंगने मोठा श्वास सोडला. "म्हंजे दोघंबी भाऊ खरे! मिटलं नं मंग!"

बाबारावाने टोपी काढली. काढलेली टोपी कुठे ठेवावी ते त्याला समजेना. वाकून त्याने आधी एका काळ्या दगडावर हात ठेवला, मग दुसऱ्या बाजूच्या दगडाकडे पाहिलं. तो शकुबाईसमोर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वैनी, माहा दादा खरा होता. म्या त्याले धुराकोऱ्या म्हटलं, ते म्या वापस घेतलं."

लोकांत कुजबुज झाली. बायांनी पदर डोळ्यांना लावला. शकुबाईला हवं होतं ते सगळं तिच्या पायाशी येऊन पडलं होतं.

तिने टेकडीवरून एक धोंडा उचलला. बाबाराव दोन पावलं मागे सरकला.

"वापस नोका घेऊ," ती ओरडली. "तुमी खोटे ठरा, भाऊजी! गावासमोर खोटे ठरा! नाई तं भावाच्या तिरडीले खांदा द्याले आलते तुमी, अन् म्या तुमाले फाटकातून हाकललं, ते कायच्यासाठी?"