कापसाचा डगला

पॅरिसच्या शिंपीआळीत नियम कडक होता. पुरुषांच्या डगल्यात भरायचा तो नवाकोरा कापूसच. आत जुनी चिंधी सापडली, तर डगला दुकानासमोर जाळायचा.

नवरा गेल्यावर पेरनेलने एका पायाने पाळणा हलवत, तीन महिने खपून एक डगला शिवला. छातीला कापसाचे चार थर, कमरेला जेमतेम एक, आणि वरून खालपर्यंत बोटबोट अंतरावर आडवे टाके. आज त्यावर शिंप्यांच्या पंचांची मोहर उमटली, तरच नवऱ्याचं दुकान तिच्याकडे राहणार होतं.

थोरले पंच गोबेर चाकू घेऊनच आले.

"बाईमाणसाचं काम. आत काय निघेल, नेम नाही," म्हणत त्यांनी छातीची शिवण उसवली. आत पांढराशुभ्र कापूस.

"अस्सं! म्हणजे लबाडी बाह्यांत असणार." बाह्या सुट्या झाल्या. तिथेही नवाच कापूस.

"मालक, पाठ राहिली," लेकीला कडेवर सावरत पेरनेल म्हणाली. "तीही बघून घ्या, नाहीतर उगाच झोप लागायची नाही तुम्हाला."

पाठ उसवली, गळा उसवला, अस्तरही निघालं. अख्ख्या डगल्यात औषधालासुद्धा चिंधी सापडली नाही.

गोबेरांनी घाम पुसला, टेबलावरचे तुकडे बोटाने चाळवले आणि कारकुनाला सांगितलं,

 

"लिही. कापूस उत्तम. डगला नापसंत. एकही शिवण धड नाही."