वाढलेलं पान

"दिपाली आक्का, आईंनी पथ्य सोडलं व्हय?" वजन कमी करायच्या निपाणीतल्या दवाखान्यातली नर्स फोनवर विचारत होती. दिपालीच्या आई, राजाबाई, घरच्या काट्यावर उभ्या राहिल्या, की आकडा थेट नर्सच्या संगणकावर उमटायचा. "आठ दिवसांत तीन किलो वाढलंय. लई लाड करतायसा!"

"आज सकाळचा आकडा आलाय?"

"आलाय की. एकाहत्तर. आता अडवा त्यांना."

वर्षभर दिपालीनंच अडवलं होतं. डॉक्टरांचा कागद दाखवून आईच्या हातातली शेंगापोळी काढून घेतली होती, अगदी शेवटच्या दुपारीसुद्धा.

"आता न्हाय अडवणार," ती म्हणाली.

आईचं दिवसकार्य होऊन आठवडा झाला होता, आणि तिच्या नावानं वाढलेलं पान रोज रिकामं होत होतं.