कण्हणारा पंखा

"ताई, मीटरवर सगळे आकडे ठीक आहेत. ही देखरेखीची चिपच भ्रमिष्ट झालीय. पुसून टाकतो," इस्माईल म्हणाला.

रुग्णालयाच्या सर्व्हरमधली ती चिप सकाळपासून सर्व्हर थंड ठेवणाऱ्या पंख्यांबद्दल एकच सांगत होती: तिसरा पंखा कण्हतोय.

हा शब्द विभाच्या बाबांचा. अकरा वर्षं ते इथली देखभाल करताना रोज पंख्यांना कान लावून कोणता आवाज म्हणजे कसला बिघाड, हे चिपला समजावत. गेल्या महिन्यात ते गेले. चिप पुसली की त्यांचं शिकवलेलंही जाणार होतं.

"आधी पंखा उघड," विभा म्हणाली.

नाक मुरडत इस्माईलने पंखा उघडला. बेअरिंग पार झिजलं होतं.

"च्यायला! आता काय करायचं, ताई?"

"आता बाकीच्या चाळीस सर्व्हरमधल्या चिपांना हिच्याकडून शिकू दे. आणि तूही बस ऐकायला."