पाठीवरचे डाग

"आळशी आहे," ऑरलीनबाई म्हणाल्या. "लिहून घ्या. पक्का आळशी."

वेंडेल क्रूपाने लिहून घेतलं. ड्राफ्टला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडतात त्या दिवसाला, नऊ दिवस उरले होते. वेंडेल ज्याचा पारखी होता तो संघ यंदा सगळ्यांत जास्त हरलेला, त्यामुळे पहिली निवड त्यांची. त्यांना चेंडू फेकणारा हवा होता, क्वार्टरबॅक. या कॉलेजातल्या सोरेन ब्रेकीची उंची, धाव, हाताची वीत सगळं मोजून झालं होतं. ते झालं की शहाणा पारखी कॉलेजच्या धुलाईखोलीत येतो. प्रशिक्षक आपल्या पोराची स्तुतीच करणार. कपडे धुणारी बाई खोटं बोलत नाही, असा या धंद्यात समज आहे.

ऑरलीनबाई कॅनडाला लागून असलेल्या नॉर्थ डकोटातल्या त्या कॉलेजात एकतीस वर्षं कपडे धूत होत्या. त्यांच्या ड्रायरमध्ये एकदा एका दांडगटाचा सदरा असा आटला की तो प्रशिक्षकाच्या नातवाला बारशाला घातला. पुढे तो नातूही दांडगट निघाला.

"आणखी काही?"

"रागीट. आणि नवीन काही शिकत नाही. डावं-उजवं कळत नाही त्याला. मागच्या वर्षी जेवायला म्हणून निघाला तो थेट कॅनडात. कुठं वळायचं तेच कळेना."

"मैदानात तर मान न वळवता त्याला सगळ्यांच्या जागा कळतात."

"मैदानाच्या कडेला रेघ असते, साहेब. कॅनडाच्या कडेला कुठली?"

वेंडेलने पेन खाली ठेवलं. "बाई, काल दुसरी निवड असलेल्या संघाचा माणूस आला होता ना? त्यालाही हेच सांगितलंत?"

बाईंनी दोन टॉवेलांच्या घड्या केल्या. तिसऱ्याची घडी उलगडून पुन्हा घातली.

"त्याला खरं सांगितलं."

"मग मला का नाही?"

बाईंनी ढिगातून सोरेनचा पांढरा सदरा काढला आणि टेबलावर पसरला. "हे बघा. छातीवर हिरवं आहे, ते पोरगं स्वतः झेप घेतं म्हणून. आता पाठ बघा. पाठीला गवत लागलं म्हणजे कुणीतरी उताणं पाडलं. चार वर्षांत ह्याची पाठ मला अकरा वेळा घासावी लागली. अकराच. इथं त्याच्यापुढं पाच राखणदार भिंतीसारखे उभे असतात." त्यांनी सदरा उचलला. "तुमच्या संघाचा सामना मी दर रविवारी टीव्हीवर बघते. गुण नाही बघत. तुमच्या चेंडू फेकणाऱ्या पोराची पाठ बघते. मध्यंतरापर्यंत हिरवीगार होते. त्याच्या आधीच्याची व्हायची, त्याच्याही आधीच्याची व्हायची. कुठं आहेत हो आता ती पोरं?"

आधीच्या दोघांचीही निवड वेंडेलच्याच शिफारशीवरून झाली होती. एक शाळेत भूगोल शिकवत होता. दुसऱ्याला आपल्या मुलीला उचलून घेता येत नव्हतं, खांदा वर जात नव्हता. वेंडेल दर नाताळला त्याला कार्ड पाठवी. तेव्हापासून वेंडेल पोरांना लांबून बघायचा, बोलायचा नाही. बोललं की माया जडते.

"त्या दुसऱ्या संघाचा चेंडू फेकणारा म्हातारा अजून दोन वर्षं खेळेल," बाई म्हणाल्या. "सोरेन बाकावर बसेल. बघून बघून शिकेल. राखणदारांची फळीही भक्कम आहे त्यांची."

"आमच्या मालकांना चेंडू फेकणाराच हवाय. मी हात हलवत परत गेलो तर ते दुसऱ्या पारख्याला शोधतील."

"मग इथं या. इस्त्री येते का?"

"नाही."

"शिकवीन."

वेंडेलने बाईंच्या हातातल्या सदऱ्याची पाठ एकदा चाचपली. मग त्याने पेन उचललं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "आळशी. रागीट. शिकण्याची तयारी नाही. दिशांचं भान नाही. आपल्या संघात बसणार नाही. आधी फळीसाठी राखणदार घ्यावेत."

"'आळशी'च्या आधी 'फार' घाला," बाई म्हणाल्या.

त्याने 'फार' घातलं, सही केली आणि कागद खिशात ठेवला. तेवढ्यात दार कोपराने ढकलून एक उंच तरुण आत आला. दोन्ही हातांत अख्ख्या संघाचे मळके टॉवेल.

"मावशी, हे कोण?"

"मशीन दुरुस्तीवाले," बाई म्हणाल्या.

वेंडेल टायसकट जमिनीवर बसला आणि समोर जे मशीन होतं त्याखाली डोकं घातलं. त्याने जन्मात पाना धरलेला नव्हता. सोरेनने टॉवेल टाकले आणि तोही शेजारी पालथा पडला, फोनचा उजेड धरून.

"हे नाही, काका. पलीकडचं धडधडतं. मी खाली पुठ्ठा घातलाय, पण रोज सरकतो. मग ही वाकून वाकून पुन्हा घालते."

"बघतो," वेंडेल म्हणाला आणि पलीकडे सरकला. सोरेनही सरकला.

बाई पाठमोऱ्या होऊन टॉवेल वेगळे करत होत्या. सोरेनने आवाज खाली आणला.

"काका, खरं सांगा. नऊ दिवसांनी मी कुठं असेन काय माहीत. मी गेल्यावर हिला एकटीला जमेल ना हे सगळं?"

"जमेल," वेंडेल म्हणाला. त्याने पुठ्ठा चाचपला, दुहेरी दुमडला आणि मशीनच्या पायाखाली सारला. "मी येत जाईन अधूनमधून. यंदा मला वेळच वेळ असणार आहे."