खिडकीची कडी

बेटम्याच्या रस्त्यावर फिरत्या बेकरीची व्हॅन थांबली, की कुमुदिनीबाई आधी खिडकी उघडत. गेल्या हिवाळ्यात याच व्हॅनमध्ये गॅस ओव्हन चालू असताना त्यांचे यजमान झोपेतच गुदमरून गेले. खिडकी यजमानांनीच लावली असेल, असं बाईंनी सगळ्यांना सांगितलं. खरं तर, यजमानांना गारवा बाधू नये म्हणून बाहेर जाताना बाईंनीच ती लावली होती.

आज नात मिताली ओव्हन पेटवत होती. ज्योत सारखी विझत होती.

"जल्दी नको गं. नॉब दाबून धर. ज्योतीजवळची सळई नीट तापली, की मगच सोड."

या खेपेला ज्योत टिकली. मागे कडी लागल्याचा आवाज आला.

"खिडकी कशाला लावलीस?"

"मी तर इथेच आहे, आजी." मिताली ज्योतीकडेच बघत होती. "आजोबा विचारतायत, आता कोणाचं नाव सांगशील?"