पेलम सरांचा वर्ग

इंग्लंडात, डॉर्सेटमधल्या आमच्या निवासी शाळेत ओल्या बुटांचा वास कधीच जात नाही.

चॅपलच्या छपरावर पुन्हा शेवाळ आलंय.

शाळेच्या नव्या छापील इतिहासात जुने हेडमास्तर पेलम यांना चार प्रकरणं मिळाली आणि मला, आताच्या हेडमास्तरला, अर्धं पान.

"मेलेल्या माणसावर काय जळतोस, लायनेल?" माझी बायको व्हेरिटी हसून म्हणाली. "ही पोरं जन्मायच्या आधीच गेला तो. तू जरा बरा टाय लाव, तुझ्यावरही जीव टाकतील."

सत्राच्या पहिल्या सकाळी मी सर्वांत लहान मुलांच्या वर्गात शिरलो. मास्तर आत आले की मुलांनी उभं राहायचं, ही आमची रीत. कुणीच हललं नाही.

मी फळ्यापाशी पोचलो, तेव्हा सगळी एकदम उठली. दाराकडे बघत.

दारात कुणी नव्हतं.

"बसा," मी म्हणालो.

"त्यांनी सांगितलं की बसतो, सर," पहिल्या बाकावरचा मुलगा अदबीनं म्हणाला.

मुलांच्या नजरा दारापासून सावकाश माझ्या खुर्चीकडे सरकू लागल्या. सगळ्यांचे चेहरे उजळले होते. माझ्याकडे बघून असं आजवर कुणी हसलं नव्हतं.

खुर्ची माझी होती. मी धावत जाऊन तिच्यात बसलो.

नजरा माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबल्या. हसू तसंच राहिलं.

"गुड मॉर्निंग, पेलम सर," मुलं म्हणाली आणि खाली बसली.

ही पोरं आदल्या संध्याकाळीच पहिल्यांदा शाळेत आली होती, आणि पेलम हे नाव त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.